होखबेट घ्यायचाय? आधी छताची उंची मोजा

जर्मनीत नव्याने आलेल्या कुटुंबाच्या वाट्याला मुलांसाठी बहुधा दहा-बारा चौरस मीटरची एकच खोली येते. दोन पलंग, दोन टेबलं आणि कपाट तिथे मावत नाही. मग होखबेट (खाली मोकळी जागा असलेला उंच पलंग) किंवा एटागनबेट (एकावर एक दोन पलंग) घ्यायचं ठरतं. कल्पना चांगलीच आहे, पण फोटो पाहून ऑर्डर करू नका.

हिशोब छतापासून खाली करायचा. गादीवर ताठ बसायला मोठ्या माणसाला साधारण ९५ सेंमी लागतात, आठ वर्षांच्या मुलाला ७५. त्यात गादीचे १५ आणि चौकट-पट्ट्यांचे १० मिळवा. नव्या इमारतीत छत अनेकदा २५० सेंमीवरच असतं. तिथे मोठ्यासाठी पलंग केला तर खाली १३० उरतात. ७२ सेंमी उंचीचं टेबल त्यात बसतं, पण खुर्चीतून उठताना डोकं आपटणारच. मुलासाठी केला तर १५० मिळतात आणि अभ्यासाचा कोपरा होतो. मूल मात्र वाढतं, तेव्हा उंची बदलता येणारा पलंग बघा. आल्टबाऊत (जुन्या इमारतीत) ३२० चं छत असेल तर मोठ्या माणसाच्या पलंगाखालीही २०० उरतात. पोटमाळ्याची खरी मजा तिथेच आहे.

जाड गादीचा मोह टाळा. युरोपीय मानकानुसार वरच्या पलंगाचा कठडा गादीच्या वर किमान १६ सेंमी हवा. आपल्याला कापसाच्या भरगच्च गादीची सवय. पण १४ ची जागा २२ च्या गादीला दिली की कठडा ८ सेंमींनी बुटका होतो, आणि झोपेत कूस बदलणारं मूल त्यावरून पडू शकतं. गादीची कमाल जाडी चौकटीवर खूण करून दिलेली असते. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचं नाही, धाकटा कितीही हट्ट करो.

आता भिंत. पलंग आणि भिंत यांतली फट साडेसात सेंमीहून कमी हवी, नाहीतर २३ हून जास्त. मधल्या मापात मुलाचं अंग किंवा डोकं अडकू शकतं. पण बाहेरची भिंत हिवाळ्यात गार पडते. सामान तिला चिकटलं की मागे ओल धरते आणि बुरशी येते, ज्याला इथे शिमेल म्हणतात. म्हणून पलंग आतल्या भिंतीलाच लावा. बाहेरच्या भिंतीला पर्यायच नसेल तर पाच ते सात सेंमी फट ठेवा आणि रोज खिडकी सताड उघडून हवा खेळवा.

खिडक्या इथे आतल्या बाजूला उघडतात. पूर्ण पाखं उघडून किती आत येतं ते मोजा आणि तेवढ्यात पलंग येऊ देऊ नका. वरच्या पलंगावरून मुलाला खिडकीपर्यंत पोचताही येता कामा नये. हाइत्सुंग (खोली गरम करणारा हीटर) पलंगाने झाकला तर त्याच्या थर्मोस्टॅटभोवती गरम हवा कोंडते. खोली तापली असं समजून तो बंद होतो आणि बाकीची खोली गारच राहते. छतावरचा राउखमेल्डर, म्हणजे धुराचा इशारा देणारं यंत्र, झोपायच्या खोलीत सक्तीचा आहे. त्याच्याभोवती चहूबाजूंनी ५० सेंमी मोकळे हवेत. आड येतो म्हणून काढून ठेवू नका.

जमिनीवर कागदी चिकटपट्टीने पलंगाचा आकार आखा. ९० × २०० ची गादी म्हणजे बाहेरून साधारण १०० × २१० चा पलंग. सरळ शिडीला दहा सेंमी पुरतात, तिरक्या शिडीला ४० ते ६०, खणांच्या पायऱ्यांनाही जवळपास तेवढेच. मग त्या आखणीत खोलीचं दार आणि कपाटाची दारं उघडून पाहा.

जोडणीला दोघं लागतात. सगळे बोल्ट आधी सैल बसवा, पाणसळ लावून चौकट समतल करा, मगच आवळा. आल्टबाऊच्या लाकडी जमिनीला उतार असतो. एका पायाखाली लाकडी पाचर बसवल्याशिवाय पलंग डुलतो आणि सांधे कुरकुरतात. दोन आठवड्यांनी बोल्ट पुन्हा आवळा. पहिला हिवाळा संपला की आणखी एकदा, कारण हाइत्सुंगने लाकूड सुकून आकसतं. भिंतीत ड्रिल रविवारी करू नका. पोकळ जिप्समच्या भिंतीला स्क्रूचा साधा प्लग धरत नाही, तिचे वेगळे मिळतात. भिंतीला पक्का बांधलेला माळा करायचा असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर घर सोडताना तो काढायचा खर्च कौत्सिऑनमधून (घराच्या अनामत रकमेतून) कापला जाईल.

जुना पलंग घेताना मॉडेलचं नाव विचारा, म्हणजे जोडणीचं पत्रक शोधता येतं आणि बोल्ट मोजून घेता येतात. कठड्याची एखादी पट्टी नसेल तर तो पलंग घेऊच नका.

आणि आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांची झोपायची जागा आत्ताच ठरवा. एटागनबेटच्या खालच्या गादीपासून वरच्या चौकटीपर्यंत बऱ्याचदा ७५ ते ८५ सेंमीच असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री वाकून उठणं त्यात फार जड जातं. त्यापेक्षा मुलांना होखबेट करा आणि त्याखाली टेबलाऐवजी पलंग होणारा सोफा काटकोनात असा ठेवा, की उशीची बाजू बाहेर मोकळ्यावर येईल.