पार्सलमध्ये चिनी माती फुटली? या चुका टाळा

खोका हातात घेतल्यावर आतून खळखळ ऐकू आली, तर तो तिथेच ठेवा. कात्री नंतर, मोबाइल आधी. बाहेरचा खोका, त्यावरचा पत्ता, आतला एकेक थर, सगळ्याचे फोटो काढत उघडा. भरपाई मागायची झाली तर तेच उपयोगी पडतं. आणि आतला कागद, थर्माकोल लगेच कचऱ्यात टाकू नका. हरभऱ्याच्या डाळीएवढी कपची कागदाच्या घडीत हमखास अडकलेली असते. मी सगळं पांढऱ्या चादरीवर झटकतो. ती कपची हरवली की तिथे पुट्टी भरावी लागते, आणि पुट्टी कितीही रंगवली तरी डोळ्याला कळते.

दुसरी गोष्ट, तुकडे एकमेकांना लावून बघायचा मोह आवरा. घरातला प्रत्येक जण येतो आणि दोन तुकडे कड्‌कड्‌ घासून बघतो. दरवेळी कडेचे बारीक दाणे झडतात आणि मग सांध्याची रेघ जाड दिसते.

पण लातुरात माझ्याकडे जोडायला येणाऱ्या वस्तूंचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईघाईत लावलेल्या फेविक्विकनं. चूक गोंदाची नाही, तो या कामाचा नाही. मागच्या उन्हाळ्यात परभणीचे एक गृहस्थ केटली घेऊन आले. कोलकात्याहून मागवलेली, जुनी, निळ्या फुलांची, तोटीला सोन्याची रेघ. शेवटचा टप्पा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून झाला आणि ७ तुकडे हाती आले. त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर २० मिनिटांत ६ जोडले. सातवा बसेना. मला म्हणाले, "काका, एवढा एकच राहिलाय, जरा दाबून बसवून द्या."

चिनी माती दाबून बसत नाही. प्रत्येक सांध्यात तुकडा केसभर सरकला होता, आणि तो सगळा फरक शेवटच्या तुकड्याच्या जागेवर येऊन साठला होता. फेविक्विक काही सेकंदांत धरतं, त्यामुळे तुकडा सरकवून नीट करायला वेळच मिळत नाही. सगळं सोडवावं लागलं. सांध्यांवर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या वाती ठेवायच्या आणि केटली झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बंद करायची, अशा ३ रात्री गेल्या. ॲसिटोन केमिकलच्या दुकानातलं शुद्ध घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नको. ॲसिटोन भुर्रकन पेटतं, म्हणून गॅसपासून लांब, खिडकी उघडी. आणि न भाजता वरून रंगवलेल्या बाहुल्यांना ते लावूच नका, रंग उतरतो. केटली सुटली. सोन्याची रेघ मात्र कायमची गेली: तुकडे धरायला लावलेली चिकटपट्टी त्यांनी खसकन ओढली होती. हे सोनं झिलईच्या वर असतं, ते पट्टीबरोबर निघून येतं.

माझी पद्धत सांगतो. आधी गोंदाशिवाय सगळं मास्किंग टेपनं जुळवायचं, सोन्याची जागा सोडून. तुकड्यांना आतून पेन्सिलीनं नंबर घालायचे. बुडापासून वर जायचं आणि कोणता तुकडा शेवटी अडकेल ते आधीच बघून ठेवायचं. मग सावकाश वाळणारं अराल्डाइट, दोन्ही ट्यूबमधून सारखं, टूथपिकनं अगदी पातळ. दिवसाला एक सांधा. जोडलेला भाग मी परातीत ज्वारी भरून त्यात रोवतो, असा की वरचा तुकडा स्वतःच्या वजनानं जागेवर बसावा. ज्वारीनं झिलईला चरा पडत नाही. मे महिन्यात हे काम पहाटे करा, उन्हाच्या झळांत मिश्रण बघता बघता घट्ट होतं. एका बैठकीत उरकायचं असेल तर वस्तूला हात लावू नका, तुकडे डब्यात भरून ठेवा. तुकडे थांबू शकतात.

भाजक्या मातीचं काम वेगळं. ती गोंद पिते, म्हणून कडांना आधी पातळ थर देऊन वाळवावा लागतो. तिथे आणि जुन्या मोलाच्या वस्तूंना मी ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक ॲक्रिलिक राळ) वापरतो. संग्रहालयांतही ते चालतं, कारण पुढे कधीही ॲसिटोननं सोडवता येतं. अराल्डाइट उजेडात पिवळं पडतं आणि सहज सुटत नाही.

लोणच्याच्या बरणीबद्दल मी स्वतः शिकलो ते असं. अंबाजोगाईहून आजीची बरणी पाठवलेली आली, दोन तुकड्यांत. मी धुतली, पुसली, जोडली. पावसाळ्यात सांध्यावर पांढरी लव उगवली आणि श्रावणात बरणी आपोआप उकलली. तड्यात वर्षानुवर्षांचं मीठ आणि तेल मुरलेलं होतं. दमट हवेत मीठ पाणी ओढतं, सुकताना त्याचे खडे होतात आणि सांधा आतून ढकलला जातो. तेलावर तर गोंद धरतच नाही. आता मी आधी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून तेल काढतो, मग आठवडाभर बुडवून रोज पाणी बदलतो. बोअरचं पाणी नको, त्यात क्षारच क्षार. आरओच्या जारचं घ्या. नंतर पूर्ण वाळू द्या. जोडलेल्या बरणीत पुन्हा लोणचं घालू नका, जोडलेल्या कपात चहाही नको.

बिदरी फुलदाणीची मान तुटली तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. ती बहुतांश जस्ताची असते आणि जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. चिंचेनं घासूही नका, तिचा काळा रंग हीच तिची शोभा आहे.

ग्रामोफोनच्या जुन्या, लाखेच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते.

व्हिडिओ बघून सोनेरी पावडर अराल्डाइटमध्ये कालवतात आणि त्याला किंत्सुगी, म्हणजे तुटलेलं भांडं सोनेरी रेघेनं जोडायची जपानी कला, म्हणतात. खरी किंत्सुगी झाडाच्या चिकापासून केलेल्या उरुशी नावाच्या रोगणानं होते आणि तिला आठवडे लागतात.

जोडायला माझ्याकडे पाठवणार असाल तर प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळा, झाकण भांड्यावर ठेवून कधीच नको. खोक्यात खोका, मध्ये चारी बाजूंनी, खाली-वरही, दोन-दोन इंच भरण. बंद करून हलवून बघा. आवाज आला तर पुन्हा उघडा.