जहाजावरचा संसार: ‘सेमिस्टर ॲट सी’ला निघणाऱ्यांसाठी

नवरा ‘सेमिस्टर ॲट सी’वर शिकवायला जाणार आणि आम्ही दोघी मायलेकी सोबत जाणार हे ठरलं, तेव्हा मी आधी लेकीच्या शाळेचा विचार केला, मग औषधांचा, मग व्हिसांचा. तिथे आपलं म्हणायला कोण असेल, हा विचार मनात आलाच नाही. आता कुणी निघालेलं भेटलं, मग ते विद्यार्थी असोत की प्राध्यापकाच्या घरचे, तर मी त्यापासूनच सुरुवात करते.

आधी थोडी माहिती. ‘सेमिस्टर ॲट सी’ म्हणजे जहाजाने देशोदेशी फिरत कॉलेजचं एक सत्र शिकायचं. हा उपक्रम 1963 साली ‘युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज’ या नावाने सुरू झाला. आमचं जहाज ‘वर्ल्ड ओडिसी’, 1998 साली जर्मनीत कील इथे बांधलेलं. आम्ही हॅम्बुर्गला चढलो आणि स्पेन, घाना, केपटाउन, मॉरिशस, कोची असं करत व्हिएतनाम, चीन, जपान आणि होनोलुलूमार्गे सॅन दिएगोला उतरलो. शंभरावर दिवस. बंदरात वर्ग भरत नाहीत. समुद्रावर असताना जवळजवळ रोज भरतात, शनिवार-रविवारची सुट्टी नसते. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसांचं काम कित्येक महिने आधी हातात घ्या.

जहाजावर ‘एक्स्टेंडेड फॅमिली’ नावाची योजना असते. ज्या विद्यार्थ्यांना हवं असेल त्यांनी नाव द्यायचं, मग त्यांना एखाद्या प्राध्यापकाच्या, कर्मचाऱ्याच्या कुटुंबाशी किंवा ‘लाइफलाँग लर्नर’ म्हणजे वयाने मोठ्या सहप्रवाशांशी जोडून देतात. हे सहप्रवासी बरेचसे निवृत्त असतात आणि हौसेने वर्गात येऊन बसतात. आमच्या वाट्याला सहा मुलं आली. पहिल्या जेवणाला सगळी इतकी अवघडलेली होती, की शेवटी लेकीनेच प्रत्येकाला विचारलं, “तुझ्या घरी कोण कोण आहे?” एकीने धाकट्या भावाचं नाव सांगितलं आणि तिचे डोळे भरले. त्या रात्री जेवण संपल्यावरही आम्ही तासभर टेबलावरून उठलो नाही.

विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: या योजनेत नाव द्याच. पहिल्या आठवड्यात सगळे मैत्री करण्याच्या गडबडीत असतात, तेव्हा ‘मला कशाला हवेत जहाजावर आईबाबा’ असं वाटतं. मग अटलांटिकमध्ये जहाज डोलायला लागतं, इंटरनेटवर घरचा चेहरा दिसेनासा होतो, आणि कुणीतरी केबिनचं दार वाजवून ‘काही खाल्लंस का’ विचारावं असं वाटू लागतं. आमच्यातला एक मुलगा दोन दिवस उलट्यांनी आडवा होता. मी खारी बिस्किटं आणि हिरवं सफरचंद घेऊन गेले, बाकी फार काही केलं नाही. त्यानंतर तो आम्हाला कधी परका वाटला नाही.

आणि यजमान कुटुंबांनो, भेटीची वेळ ठरवून टाका. ‘भेटू कधीतरी’ म्हटलं की भेट होत नाही. जहाजावर वाराची आठवण राहत नाही, म्हणून आम्ही बंदर सुटल्याची दुसरी संध्याकाळ धरली होती. बंदरात काय पाहिलं, कशाने हादरलो, हे बोलायची तेव्हाच सगळ्यांना गरज असते.

लहान मूल सोबत असेल तर घाबरू नका. अभ्यास आम्हीच घेत होतो, दोन तास, सकाळी. पण खरं शिक्षण त्या सहा जणांकडून झालं. लेक त्यांना दादा-ताई म्हणायची. महिन्याभरात ती मुलंही एकमेकांना ‘दादा’, ‘ताई’ म्हणून हाका मारू लागली. मात्र दोन नियम आम्ही पहिल्या दिवशीच घातले: डेकवर एकटीने जायचं नाही, आणि मोठ्या मुलांच्या केबिनमध्ये सांगितल्याशिवाय शिरायचं नाही. विद्यार्थ्यांनाही स्वतःचा वेळ लागतो.

घानाहून केपटाउनला जाताना विषुववृत्त ओलांडलं, तो ‘नेपच्यून डे’, म्हणजे समुद्रदेव नेपच्यूनचा दिवस. पहाटेच कॉरिडॉरमधून ढोल, शिट्ट्या, भांड्यांचा गजर. खलाशांची ही जुनी रीत आहे: पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडणारा तो ‘पॉलीवॉग’, दीक्षा झाली की ‘शेलबॅक’. अंगावर चिकट, वास मारणारं पाणी ओततात, जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात बुडी मारायची, माशाचं चुंबन घ्यायचं, नेपच्यूनचं सोंग घेतलेल्यापुढे गुडघे टेकायचे. काही जण मुंडणही करतात, मुलीसुद्धा. आमच्यातल्या एका मुलीने लांबसडक केस उतरवले, तेव्हा लेक तिचा हात घट्ट धरून बसली होती. वस्तरा फिरताना दोघींनी डोळे मिटले आणि एकदमच उघडले. ज्यांना यातलं काही नको असेल त्यांनी नुसतं बघावं. कुणी जबरदस्ती करत नाही. जुने कपडे मात्र घाला.

‘सी ऑलिंपिक्स’ची चुरस त्याहून मोठी. केबिनच्या कॉरिडॉरनुसार विद्यार्थ्यांचे गट पडतात आणि गटांना समुद्रांची नावं देतात. रस्सीखेच, तलावातल्या शर्यती, नाच, घोषणा. जिंकणाऱ्या समुद्राला शेवटच्या बंदरात सगळ्यांच्या आधी उतरायला मिळतं. एवढंसं बक्षीस, पण त्यासाठी मुलं घसा बसेपर्यंत ओरडतात. शिकवणारी मंडळीही उतरतात. परवा ज्यांनी पेपर तपासला, तेच आज दोरी ओढताना पडतात. यानंतर वर्गातलं वातावरण बदलतं, असं नवरा म्हणायचा.

सण-वाढदिवसांचं सामान मात्र घरूनच न्या. समुद्रात दुकान कुठलं? केबिनच्या भिंती बहुतेक धातूच्या असतात, त्यामुळे डझनभर लोहचुंबक न्याल तर दारावर चित्रं, शुभेच्छा, आठवणी सगळं लावता येतं. कोरी कार्डं, रंगीत कागद, पताका न्या. आगीच्या भीतीमुळे केबिनमध्ये मेणबत्ती चालत नाही. आम्ही पिवळ्या कागदाच्या ज्योती कापून काड्यांना चिकटवत असू आणि फुंकर मारली की लेक त्या बोटाने आडव्या करायची.

त्यातला एक वाढदिवस मला फार प्रिय आहे. पूर्वेकडे जाताना घड्याळ सारखं तासाने पुढे सरकतं आणि झोप कमी होत जाते. ते सगळे तास प्रशांत महासागरात तारखेची रेषा ओलांडली की एकदम परत मिळतात: एक पूर्ण तारीख पुन्हा येते. धाकट्या भावाच्या आठवणीने रडलेल्या त्या मुलीचा वाढदिवस नेमका त्या तारखेला आला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून तो दणक्यात केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक तिच्या दाराशी पुन्हा कागदी ज्योत घेऊन उभी. “ताई, आज पण आहे ना!” ती पायजम्यातच बाहेर आली आणि तिने लेकीला उचलून घेतलं.

सॅन दिएगोला तिचा समुद्र पहिला उतरला. आम्ही कितीतरी वेळाने सामान ओढत बाहेर आलो, तर ती आईबाबा आणि धाकट्या भावाला घेऊन थांबलेली होती. लेकीकडे बोट दाखवून तिने भावाला सांगितलं, “ही माझी बहीण.”