गावातून ऑफिसचे काम: आधी वीज, मग नेट

पुण्यातील नोकरी न सोडता वर्धा किंवा यवतमाळकडच्या गावी राहून काम करण्याचा बेत बहुतेकदा दिवाळीच्या सुटीत ठरतो, कारण त्या दिवसांत हवा थंड असते आणि व्हिडिओ कॉलही सुरळीत चालतो. खरी परीक्षा पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा आणि जूनच्या पहिल्या वादळात होते. म्हणून आठवडाभर मे महिन्यात गावी काम करून पाहावे आणि मगच शहरातील खोली सोडावी.

घर गावठाणाच्या फिडरवर (वीजवाहिनीवर) आहे की शेतीच्या, हे प्रथम लाइनमनला विचारावे. शेतीच्या फिडरवर वीज दिवसातून काही तासच, तीही पाळीपाळीने मिळते; त्यामुळे वावरातील घर कितीही निवांत असले तरी ऑफिससाठी गावातलेच घर बरे.

इन्व्हर्टरची 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास साठवते, परंतु हिशेब 1200 चाच धरावा. लॅपटॉपला 60, राउटरला 12 आणि जुन्या छतपंख्याला 75 वॅट लागतात, म्हणजे सुमारे आठ तास निघतात. त्याच बॅटरीवर कूलर लावला की ही वेळ निम्म्याहूनही कमी होते. मोठी बॅटरी घेण्याआधी 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा बसवणे शहाणपणाचे. कूलरची ओली हवा थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नये, आणि त्याची घरघर कॉलमध्ये जाऊ नये यासाठी माइकचा हेडफोन वापरावा.

नेट घेताना वेगापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा असतो, तो म्हणजे केबलवाल्याच्या गावातील यंत्रणेला बॅटरी आहे का. ती नसेल तर आपला राउटर चालू असूनही नेट जाते. जोडीला वेगळ्या कंपनीचे सिमकार्ड ठेवावे. टिनाच्या छपराखाली सिग्नल दबतो, तेव्हा हॉटस्पॉटचा मोबाइल खिडकीत ठेवावा. विजा कडाडू लागल्या की राउटर व चार्जरचे प्लग काढून लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करावे. घराचे अर्थिंगही पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.

राहता राहिली माणसे. गावात लॅपटॉपवाला घरी बसलेला दिसला की पीकविम्याचे अर्ज आणि केवायसी घेऊन मंडळी येणारच, आणि त्यांना नाही म्हणणे शोभत नाही. त्यांना संध्याकाळी सातनंतरची वेळ पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावी.