सक्युलंटला पाणी कधी घालायचं, किती घालायचं

आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज सुटत नाही, त्यामुळे ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी आधीचं साठवलेलं पाणी ओतायचं आणि ते सगळं कुंड्यांत, ही सवय घरोघरी आहे. जास्वंदीला ते चालतं, पण सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं, याच सवयीनं मरतात. माझी पहिली दोन जेड नावाची सक्युलंट अशीच सडून गेली, फार जीव लागला होता त्यांच्यावर. म्हणून नळाचा वार बघू नका, कुंडीतली माती बघा.

वरची माती तर आपल्या उन्हात तासाभरात वाळते, त्यावर जाऊ नका. अगरबत्तीची जळून उरलेली काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, ओलसर लागली किंवा माती चिकटून आली तर पाणी नको. कोरडी निघाली तरच घाला, आणि त्यातही एक-दोन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही कारण या झाडांच्या पानातच पाण्याचा साठा असतो.

पानं सुरकुतली, पातळ झाली म्हणजे तहान लागलीय. पण पानं पिवळट, काचेसारखी आरपार दिसायला लागली आणि नुसतं बोट लावलं तरी गळतात, तर पाणी जास्त झालंय. दोन्हीत पान मऊच लागतं, मग लोक घाबरून अजून पाणी घालतात आणि झाड जातं.

घालताना मात्र हात आखडू नका. मातीवर, कडेकडेनं, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला, पानांच्या मधे साचू देऊ नका. बशीत उतरलेलं लगेच ओतून टाका. रोज अर्धा कप घातलं तर वरचाच थर ओला राहतो.

एप्रिल-मेमधे पारा ४२ च्या वर गेला की एचेवेरिया, हॉवर्थिया ही सक्युलंट वाढ थांबवून बसतात, तेव्हा पाणी कमी, आणि तेही सूर्य मावळल्यावर, कारण तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी घातलं की मुळं शिजतात. वर सावलीसाठी हिरवी नेट बांधा. सप्टेंबरच्या पावसात कुंड्या गच्चीवरून आत घ्या. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत दोन-तीन आठवडे पाणी नसलं तरी चालतं, काडी बघूनच ठरवा.

शेतातली काळी माती वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे, बाकी शेणखत आणि थोडी लाल माती, कुंडी मातीची. बोअरच्या पाण्यानं वर पांढरा थर येतो, पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवलंत तर फार छान. फिल्टरमधून बाहेर पडणारं क्षाराचं पाणी अजिबात घालू नका.

सडायला लागलंच तर झाड उपटा, काळी मुळं कापा, चार-पाच दिवस सावलीत वाळवा, कोरड्या मिश्रणात लावा आणि पुढचे आठ दिवस पाण्याचा थेंबही नको.