कोपराच्या ऑपरेशननंतर मुलाची नस दबतेय का, घरी कसं ओळखायचं

कोपराच्या वरचं हाड मोडलं, वायर टाकल्या, तीन-चार आठवड्यांनी काढल्या, एक्स-रे छान आला की सगळे निवांत होतात. पण आतली जखम भरताना व्रण तयार होतो आणि तो कधीकधी नसेला चिकटतो, जास्त करून करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नसेला, कारण ती कोपराच्या आतल्या हाडामागून अगदी कातडीखालून जाते.

लहान मूल काही "मुंग्या येतायत" असं सांगत नाही, त्यामुळे खेळात बघा. मूठ वळ, पंजा उघड, दोन बोटांची कात्री कर, अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल कर. कात्री जमत नसेल तर अल्नर, गोल चपटा होत असेल तर मीडियन नसेची फांदी, मनगट वर उचलत नसेल तर रेडियल. दुसऱ्या हाताशी तुलना कराच, आणि दर आठवड्याला मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, तारखेसकट.

अजून एक भारी युक्ती आहे. जखम पूर्ण भरल्यावर दोन्ही हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायचे, बाकी बोटांना सुरकुत्या पडल्या आणि करंगळी गुळगुळीतच राहिली तर तिथली नस काम करत नाहीये. सुरकुत्या पडल्या म्हणून नस ठणठणीत असं मात्र धरू नका, थोडी दबलेली असली तरी पडतात.

आता मुख्य मुद्दा, कधीपासून? हाड मोडल्या दिवसापासूनच बोटं कमजोर असतील तर बहुतेक मुलांची नस ३ ते ६ महिन्यांत आपोआप सुधारते. ती वाढतेच दिवसाला साधारण १ मिलिमीटर, घाई करून उपयोग नाही. पण ऑपरेशननंतर बोटं नीट चालत होती आणि नंतर कात्री बिघडत गेली, कोपर वाकवून ठेवलं की करंगळी बधिर होते, अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग बसल्यासारखा दिसतो, तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना गाठा आणि ते व्हिडिओ दाखवा. ते एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघणारी तपासणी), सोनोग्राफी सांगतील, गरज पडली तर व्रणातून नस मोकळी करतात, कधी कोपराच्या पुढच्या बाजूला सरकवतात. तोवर कोपर जोर लावून सरळ करणं, रगडून मालिश, हे बंद.

आणि हो, पहिल्या काही दिवसांत प्लास्टर असताना औषध देऊनही दुखणं वाढतच असेल, बोटं सरळ केली की मूल किंचाळत असेल, तर हे सगळं खेळबिळ सोडा आणि त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.