वॉर्मअप करणारा हॉकीपटू रंगवताना

माझी भाची असं चित्र हातात आलं की आधी जर्सीवर तुटून पडते. मी म्हणते, थांब, अंगापासून सुरू कर. फिकट तपकिरी रंगाचा हलका हात सगळीकडे, त्यावर किंचित नारिंगी. गडी धावून तापलाय, म्हणून गाल, कान आणि गुडघ्यांवर लालसर पेन्सिल अगदी पुसटशी फिरवायची.

मग जर्सी. खेळाडू एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकलेला असेल, तर शॉर्ट्सला मांडीच्या सांध्यापाशी चुण्या पडतात. तिथे त्याच रंगाची गडद छटा द्या; काळा वापरलात की कापड मळकं दिसतं. मोज्यांच्या आत शिनगार्ड असतो, त्यामुळे नडगी जरा फुगीर दिसायला हवी: मधे फिकट, कडांना गडद.

स्टिकची डावी बाजू सपाट, उजवी गोलसर. सपाट बाजू एकसारखी रंगवा, गोल बाजूवर एक पांढरी रेघ कोरी सोडा, चकाकी आपोआप येते. चेंडू पांढराच ठेवायचा, खाली फक्त राखाडी चंद्रकोर.

मैदान हिरवंच हवं असं नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये टर्फ निळी होती, चेंडू पिवळा! मोठ्या भागाला तेलखडू बरा, पण तो सगळ्यात शेवटी, आणि हाताखाली कोरा कागद घेऊन. नाहीतर आमच्यासारखा खेळाडूच्या तोंडावर निळा अंगठा उमटतो.

बुटांखालची सावली विसरू नका, नाहीतर गडी हवेत तरंगतो.