लपवावं लागलेल्या प्रेमासाठी स्मृतिशिला

नाव कोरायचं की नाही, ते दगड घेण्याआधी ठरवा. दोघांपैकी कुणी हयात असेल तर त्यांची परवानगी हवीच. घरच्यांकडून त्रासाची भीती असेल तर नाव टाळा. आद्याक्षरं, एखादी तारीख, दोघांनाच कळणारी ओळ पुरते. मजकुराइतकीच मांडणीही बोलते. पोर्तुगालचा राजपुत्र पेद्रो याची प्रेयसी इनेश द कास्त्रो हिला १३५५ मध्ये पेद्रोच्या वडिलांनीच मारवलं. पुढे राजा झाल्यावर पेद्रोने दोघांच्या कबरी घडवून घेतल्या. अल्कोबासाच्या मठात आज त्या एकमेकींकडे पाय करून आहेत. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे अखेरच्या न्यायाच्या दिवशी मेलेले उठतील, तेव्हा उठल्याबरोबर पहिली नजर एकमेकांवर पडावी म्हणून, असं सांगतात. तुमच्याकडे एकच दगड असेल तर त्याचं तोंड त्या प्रिय माणसाच्या घराच्या किंवा कबरीच्या दिशेला करा. विचारलंच कुणी, तर उत्तर द्यायची सक्ती नाही.

दगड ग्रॅनाइट किंवा बेसाल्ट घ्या. संगमरवर देखणा असतो, पण आम्लयुक्त पावसात झिजतो आणि बारीक अक्षरं आधी जातात. वालुकाश्म घ्यायचाच असेल तर त्याचे थर आडवे राहतील असा बसवा. थर उभे आणि दर्शनी बाजूला समांतर राहिले की पापुद्रे सुटतात आणि अक्षरं त्यांच्यासोबतच गळतात.

देवनागरी कोरताना घोळ होतो तो बारीक जागी. जोडाक्षरातल्या दोन रेघांमध्ये दगडाची पातळ भिंत उरली की छिन्नीच्या ठोक्याने ती उडते. त्यामुळे ‘क्ष्म’, ‘ष्ट्र’ असली अक्षरं असलेला शब्द शक्यतो बदला, नाहीतर अक्षर मोठं करा. दोन मीटरवरून वाचायचं तर अक्षराची उंची २५ ते ३० मिलिमीटर धरा, आणि खाच ‘व्ही’ आकाराची, निदान ३ मिलिमीटर खोल. शिरोरेघेच्या लांब खाचेत धूळ आणि शेवाळ साचतं, म्हणून दोन शब्दांमधली जागा ऐसपैस ठेवा. ६ आणि ९ झिजल्यावर ओळखू येत नाहीत. महिना तरी अक्षरांत लिहा. गडद, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर खाच आपोआप फिकी दिसते, रंग भरू नका. भरलेला रंग आधी सोलतो आणि मग सगळा दगडच टाकाऊ दिसतो.

कोरण्याआधी मजकूर खऱ्या आकारात कागदावर काढून दगडावर चिकटवा आणि काहीच माहीत नसलेल्या माणसाला वाचायला लावा. चुकलेली वेलांटी खोडता येत नाही. सगळा पृष्ठभाग पुन्हा तासावा लागतो.

उभ्या शिळेचा एक तृतीयांश भाग जमिनीत जावा. ९० सेंटिमीटर उंच, ४० रुंद, १० जाड ग्रॅनाइट जवळपास शंभर किलो भरतो, चौघं लागतात. खड्ड्याच्या तळाशी १० सेंटिमीटर खडी ठोकून बसवा, म्हणजे पाणी साचून शिळा कलणार नाही. चौथऱ्यावर बसवणार असाल तर खिट्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड आतून तडकतो.

दगडावर एकट्यावर मात्र भिस्त ठेवू नये. रोमन सम्राट हेड्रियनचा प्रियकर अँटिनोअस इ.स. १३० मध्ये इजिप्तमधल्या नाईल नदीत बुडाला. हेड्रियनने तिथे त्याच्या नावाचं शहर वसवलं. त्या शहराचे दगड एकोणिसाव्या शतकात लोकांनी बांधकामाला नेले. अँटिनोअसचा चेहरा उरला तो जागोजागी पसरलेल्या पुतळ्यांत आणि नाण्यांवर. म्हणून पत्रं, फोटो यांच्या प्रती करा: निदान तीन, त्यातली एक दुसऱ्या घरात. पत्रं ४०० डीपीआयला (इंचामागे ४०० ठिपके) स्कॅन करा. पिना, स्टेपल काढा, सेलोटेप आणि लॅमिनेशन नको. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, माळ्याऐवजी घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवा. फोटोच्या मागे पेन्सिलीने तारीख घाला. बसची आणि सिनेमाची तिकिटं बहुतेकदा थर्मल कागदावर असतात आणि काही वर्षांत कोरी पडतात, त्यांचे फोटो आजच काढा.

हे सगळं कुठे आहे ते विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवा, आणि काय उघडायचं, काय जाळायचं हे लेखी द्या. तो गेला तर दुसरा नेमा. शिळेची सफाई वर्षातून एकदा: साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश. ॲसिड आणि तारेचा ब्रश लांबच ठेवा.